स्कोअर म्हणजे खाच

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४, दुपारचे साडेतीन, गावच्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना. पहिलं बक्षीस अकरा हजार रुपये, दुसरं पाच हजार, स्कोअररचं मानधन पाचशे. स्कोअरच्या टेबलापाशी हजर चौघं. होळी गावचे पंचाहत्तरीतले एक बागायतदार, ज्यांना सगळं मैदान काका म्हणत होतं. गावाच्या संघाचा कप्तान, जो शाळेत गणित शिकवतो. आमच्या सोसायटीच्या संघाचा कप्तान, जो कॉम्प्युटर कंपनीत आहे. आणि मी. पंच म्हणून एक निवृत्त पी.टी. मास्तर मैदानात उभे होते. होळी हे वसईजवळच्या गावाचं नाव आहे, सणाशी त्याचा संबंध नाही. नव्या माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगतो.

मी सोसायटीचा खजिनदार आहे, सलग अकरा वर्षं. मला स्कोअरर केलं ते क्रिकेटच्या ज्ञानामुळे नव्हे. "अंकल, तुमच्या हिशेबात आजवर एक रुपयाची चूक निघालेली नाही," आमचा कप्तान म्हणाला. ते खरं होतं, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

पण हे सगळं सुरू झालं आदल्या दिवशी, एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, दोन पापलेटांवरून.

शनिवारची सकाळ. मी जेवणाच्या टेबलावर नव्या वहीत रकाने आखत होतो. कव्हरवर मोठ्या अक्षरात 'स्कोअर' लिहून झालं होतं. बायको ओट्यापाशी मासे साफ करत होती. मुलीनं बंगळुरूहून तिला एक इंग्रजी रेसिपी मोबाइलवर पाठवली होती.

"अहो, स्कोअर द फिश म्हणजे काय?" तिनं विचारलं. "दहापैकी मार्क द्यायचेत का माशाला?"

"चिरा देत असतील."

"ते मी सव्वीस वर्षं देतेय. त्याला स्कोअर का म्हणतात ते विचारतेय."

 माझ्या वहीवर तोच शब्द आणि तिच्या मोबाइलवरही तोच. क्रिकेटचा स्कोअर आणि माशाच्या पाठीवरच्या चिरा यांचा काय संबंध? असं काही अर्धवट राहिलं की मला बसवत नाही. बेरीज एक रुपयानं चुकल्यासारखं वाटतं. कपाटाच्या वरच्या फळीवर माझा कॉलेजच्या काळातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. स्टूल घेऊन तो काढला, धूळ झटकली आणि उघडला.

त्या एका शब्दाखाली पाऊण रकाना मजकूर होता. मी वर वर बघणार होतो, पण एका ओळीवर बोट थांबलं ते थांबलंच. शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून आलेला. तिथला अर्थ, खाच. काठीवर कापलेली खाच. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, वीस.

मला आधी छपाईची चूक वाटली. खाच आणि वीस? पुढे खुलासा होता. मेंढ्या मोजताना तोंडानं विसापर्यंत मोजायचं, वीस झाल्या की काठीवर एक खाच पाडायची, असं करत असावेत. 'असावेत' असंच लिहिलं होतं. मला ते आवडलं. पक्कं माहीत नसेल तर पक्कं म्हणू नये.

मग वाचतच गेलो. गुत्त्यात कोण किती प्याला त्याच्या खाचा पाडत, म्हणून गिऱ्हाइकाची उधारी म्हणजे स्कोअर. जुनं वैर काढणं म्हणजे जुना स्कोअर चुकता करणं. गाण्याच्या स्वरांचा कागद, तोही स्कोअर. त्यावर उभ्या रेघा मारत, म्हणजे कागदाला चिरा दिल्यासारख्या, त्यावरून ते नाव पडलं असं मानतात. आणि शेवटी खेळ. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात स्कोअरर हातात काठी आणि चाकू घेऊन बसायचा. एक धाव झाली की एक खाच. धावेलाच खाच म्हणत.

मी उठून उभा राहिलो. पंचावन्न वर्षांचा माणूस शनिवारी सकाळी शब्दकोश हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याच्या अंगावर काटा आला होता, हे मी जसंच्या तसं सांगतो. बँकेचा क्रेडिट स्कोअर, मुलीच्या परीक्षेचा स्कोअर, टीव्हीच्या कोपऱ्यातले आकडे, सगळ्यांच्या मुळाशी एक सुरी आणि एक चीर. आमच्या राजापूरकडे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं कोडीनं विकत. एक कोडी म्हणजे वीस. वीस झाली की आई बाजूला एक खडा ठेवायची. इतकी वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली, पण स्कोअरमध्ये आमची कोडी बसली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"अगं, तू आत्ता स्कोअर केलास," मी बायकोला म्हणालो. "एका पापलेटवर, दोन्ही बाजू मिळून आठ."

"मग आऊट कोण झालं?"

"पापलेट."

"उद्या मैदानात असलं काही बोलू नका," ती म्हणाली. "पोरं हसतील."

मी ते सगळं वहीच्या शेवटच्या पानावर नीट उतरवून ठेवलं. कोणाला सांगायचं, असा काही विचार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मैदानात पोचलो. मैदान म्हणजे भात कापून मोकळं झालेलं शेत. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला मोगरा आणि पालेभाज्यांची वाडी. नियम छापून लावले होते. आठ षटकं, चेंडू टेनिसचा, वेळ वाचावा म्हणून सगळी षटकं एकाच टोकाकडून. चेंडू वाडीत गेला तर दोन धावा, पण कुंपण कोणी ओलांडायचं नाही, मालकीण चेंडू परत देईल. ती खरंच वाडीत खुर्ची टाकून बसली होती, आणि चेंडू आला की आधी रोपं बघायची, मग चेंडू. स्पर्धा त्याच दिवशी संपणं भाग होतं. गाव ख्रिस्ती, बुधवारी राखेचा बुधवार होता, तिथून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. उपवासकाळात गाव असला खेळ मांडत नाही.

मी टेबलावर वही ठेवली, निळं पेन, लाल पेन, पट्टी. निळ्यानं लिहायचं, लालनं तपासायचं, ही ऑफिसातली सवय. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत काका येऊन बसले. पांढरा सदरा, नुकतीच केलेली दाढी. मांडीवर माडाच्या झावळीचे दोन हिरवे दांडे, हातभर लांबीचे. हातात छोटी कोयती.

"काय करताय काका?" मी विचारलं.

"स्कोअर," ते म्हणाले.

 माझ्या वहीचं शेवटचं पान माणूस होऊन शेजारी येऊन बसलं होतं.

त्यांनी दांडा उचलून दाखवला. ही कड धावांची. एक धाव, एक बारीक खाच. विसावी खाच खोल. समोरची कड विकेटची. विकेट पडली की ज्या धावेवर पडली तिच्या अगदी समोर खाच. एका संघाला एक दांडा.

"वीसच का काका?"

"मग किती? पंचवीस?"

"नाही, म्हणजे..."

"कोडी ना ती. माझा बाप ट्रकमध्ये केळीचे घड चढवताना असाच मोजायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. दलाल चिठ्ठी दाखवी, बाप काठी दाखवी. मला लिहिता येतं, सातवी झालोय. पण हात लागलाय ह्याला."

मी शेवटचं पान उघडून त्यांना वाचून दाखवलं. खाच, वीस, मेंढ्या, गुत्ता, चाकू. बोलताना माझा आवाज वाढला असणार, कारण चहा घेऊन जाणारा माणूस थांबून ऐकू लागला. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे साहेबलोक आमच्याकडनं शिकले?"

"तसं नाही. त्यांचं त्यांनी केलं."

"मग आमचं आम्ही," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चाकूनं पाडायचे म्हणता खाच?"

"तसं लिहिलंय."

"चाकूनं नीट पडत नाही. चाकू घसरतो."

गावाचा कप्तान आला. गावातली माणसं आपापसात त्यांच्या बोलीत बोलत, ती मला निम्मी कळे. तो माझ्यासाठी शाळेतल्या मराठीत बोलला. "साहेब, कमिटीनं ठरवलंय ते सांगून ठेवतो. पुढच्या वर्षीपासून मोबाइलचं ॲप. पण काका ऐकत नाहीत, म्हणून आज दोन्ही ठेवू. वही आणि काठी शेवटी एक आली तर काठी राहील. फरक पडला तर पुढच्या वर्षी काका मंडपात, पाहुण्यांच्या खुर्चीत. शाल देऊ."

"शाल मेल्यावर घाला," काका म्हणाले. "दोन कोडी वर्षं ह्या खुर्चीत बसतोय. आणि फरक पडला तर वही चुकली असेल, असं कोण म्हणत नाही."

"काका, वही ह्यांची आहे. एक रुपया चुकत नाही म्हणतात."

हे ऐकून मला बरं वाटलं. ते लिहून ठेवायला हवं.

आमच्या संघानं आधी फलंदाजी केली. आठ षटकांत एकसष्ट. मी षटकामागून षटक बेरीज सांगायचो, काका अंगठा दांड्यावर फिरवून मान हलवायचे. तेव्हाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ते दांड्याकडे बघतच नव्हते. डावा अंगठा शेवटच्या खाचेवर, त्याच्या पुढे कोयतीचं टोक, आणि डोळे मैदानावर. चौकार गेला की चेंडू परत येईपर्यंत टक टक टक टक. मान खाली जायची ती फक्त खोल खाच पाडताना.

"एकसष्ट," डाव संपल्यावर मी म्हणालो.

"तीन कोडी एक."

गावाच्या कप्तानानं आम्हा दोघांनाही हात केला. मला खरोखर आनंद झाला. वही आणि काठी एक यावी असं मला मनापासून वाटत होतं. आमचा संघ जिंकावा असंही वाटत होतं, आणि ह्या दोन गोष्टींत काही अडचण दिसत नव्हती.

गावाला बासष्ट हवे होते. चार षटकांत सत्तावीस झाले, दोन विकेट पडल्या. मी लाल पेन घेतलं आणि फलंदाजांचा रकाना गोलंदाजांच्या रकान्याशी ताडून बघू लागलो. दर षटकानंतर मी हेच करत होतो. पण षटकं एकाच टोकाकडून, त्यामुळे मधे वेळ कसला? ओरडा झाला म्हणून मान वर केली तर चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात.

"साहेब, धाव झाली," काका म्हणाले.

"चेंडू कीपरकडे आहे काका," मी म्हणालो आणि शून्य धावेचा ठिपका दिला.

पुढचे चेंडू दोन, चार, एक, चार, आणि शेवटच्यावर तिसरी विकेट. माझ्या वहीत अडतीस. वहीवरून मैदानातल्या फळ्यावरही अडतीस लागले.

"एकोणचाळीस," काका म्हणाले. "एक कमी आहे तुमची."

मी पुन्हा बेरीज केली. फलंदाजांची अडतीस, गोलंदाजांची अडतीस. "दोन्ही बाजू जुळतायत काका."

 फरक पडला तर काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. "बरं," ते म्हणाले आणि डोळे मैदानाकडे वळवले.

त्यानंतरची तीन षटकं मला आजही तोंडपाठ आहेत. सहावं, सहा धावा. सातवं, आठ धावा आणि चौथी विकेट. फळ्यावर बावन्न. शेवटच्या षटकात दहा हव्यात. आमचा कप्तान स्वतः गोलंदाजीला आला. रस्त्यावर दोन रिक्षा आणि एक भाजीचा टेम्पो थांबला होता, चालक टपावर चढून बघत होते. वाडीवाली बाई खुर्ची सोडून कुंपणाला आली होती. पहिला चेंडू वाडीत, दोन धावा, आणि तिनं रोपं न बघता चेंडू फेकला. दुसरा चुकला. तिसरा चौकार. चौथ्यावर एक. पाचव्यावर एक. फळ्यावर साठ. एका चेंडूत दोन हव्यात, एक झाली तर बरोबरी. आमच्या कप्तानानं सगळे क्षेत्ररक्षक लांब पाठवले. 

शेवटचा चेंडू रस्त्याच्या बाजूला गेला. एक धाव पूर्ण. दोघं दुसरीसाठी वळले. फेक आली, यष्ट्या उडाल्या. धावबाद. मैदान एकाच वेळी आनंदानं आणि दुःखानं ओरडलं. त्या ओरड्यात माझ्या कानाजवळ एक बारीक आवाज झाला, टक. काकांनी कोयती टेबलावर ठेवली.

"तीन कोडी दोन," ते म्हणाले. "झालं."

मी म्हणालो, "एकसष्ट. बरोबरी."

टेबलाभोवती गर्दी जमली. आमची पोरं सुपर ओव्हरची तयारी करू लागली. गावाची पोरं काठी बघा म्हणू लागली. गावाच्या कप्तानाचा चेहरा पडला होता. संघ हरत नव्हता, पण काका हरत होते, आणि अट त्यानंच घातली होती.

"काका, एकचाच फरक आहे," तो हळू म्हणाला. "वय झालं की होतं."

"माझा अंगठा म्हातारा नाही झाला."

पंच आले. फलंदाज सांगत होता की पाचव्या षटकात तो एक धाव पळाला होता. "झाल्यासारखी मलाही वाटते," पंच म्हणाले. "पण वाटणं म्हणजे स्कोअर नाही. वही काय म्हणते?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उत्तर देणारच होतो, आणि त्या क्षणी मला ते कळलं. दोन्ही रकाने जुळले म्हणून काय झालं? जी नोंद केलीच नाही ती दोन्ही बाजूंनी गळते, आणि ताळा बिनबोभाट जुळतो. हे मी ऑफिसात नव्या पोरांना दर वर्षी शिकवतो.

"काका, काठी द्या," मी म्हणालो.

आम्ही दोघं वाकून बसलो. त्यांचा अंगठा दांड्यावर, माझं बोट वहीवर. ते विकेटच्या खाचेसमोरची धाव मोजून सांगत, मी वहीतली सांगत होतो.

"पहिली विकेट, नऊ."

"नऊ."

"दुसरी, कोडी चार."

"चोवीस."

"तिसरी, कोडी एकोणीस."

"अडतीस," मी म्हणालो. "इथंच आहे. चोवीस ते अडतीसच्या मधे."

 मी आता घाबरलो नव्हतो. सांगायला विचित्र वाटतं, पण मला मजा येत होती. चूक पळत होती आणि आम्ही दोन बाजूंनी तिला घेरत होतो. चौथ्या षटकातले उरलेले तीन चेंडू बघितले, ठीक. पाचव्याची ओळ बघितली. ठिपका, दोन, चार, एक, चार, विकेट. आणि मग दिसलं. पहिला ठिपका लाल होता.

सगळ्या वहीत, दोन्ही डावांत, चेंडूंची नोंद निळी. हा एकच लाल. म्हणजे तो ठिपका दिला तेव्हा माझ्या हातात तपासायचं पेन होतं. मी मागच्या षटकाची बेरीज बघत होतो, मैदान बघत नव्हतो. पुढच्या चेंडूला दुसराच फलंदाज समोर दिसला तेव्हा मी समजलो होतो की दोघांचे सारखे टी-शर्ट बघून माझीच गफलत झाली. ठिपक्याच्या जागी एक धरला की तेही सरळ बसत होतं.

मी वही पंचांसमोर ठेवली आणि हे सगळं ह्याच क्रमानं सांगितलं. "धाव झाली होती, मी कीपरच्या हातात बघितला तो फेकून परत आलेला चेंडू. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"अंकल," आमचा कप्तान म्हणाला, "तुम्ही आपल्या टीमचे ना?"

"टेबलावर बसलो की वहीचा."

"मग माझं पण ऐका. बरोबरी झालीय हे माहीत असतं तर शेवटच्या चेंडूला मी सगळ्यांना आत घेतलं असतं. एक धाव होऊच दिली नसती. फळा बघून फिल्ड लावली मी."

त्याचं म्हणणं खरं होतं.  मी तेवढंच म्हणालो, "फळा माझ्यामुळे चुकला. त्याचा राग माझ्यावर काढ. पण धाव त्यांची आहे."

गावाचा कप्तान पुढे आला. "हवं तर सुपर ओव्हर खेळू. आमची हरकत नाही."

"माझी आहे," काका म्हणाले. त्यांनी दांडा उंच धरला. "ही खाच बुजवून दाखव, मग खेळ सुपर ओव्हर."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. पंचांनी दांडा हातात घेऊन उलटसुलट बघितला, माझा लाल ठिपका बघितला. "मैदानात झालेली धाव फळ्यामुळे पुसत नाही," ते म्हणाले. "बासष्ट. गाव जिंकलं." मी निळ्या पेनानं ठिपका खोडला, एक लिहिला, बाजूला सही केली, आणि बेरजा पुढपर्यंत दुरुस्त केल्या. बासष्ट लिहिलं तेव्हा काकांचा अंगठा दांड्याच्या शेवटच्या खाचेवर होता. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या वहीत डोकावून बघितलं.

"आता एक आली," ते म्हणाले.

गर्दी पांगताना मी त्यांना विचारलं, "काका, खाच न बघता कशी पाडता येते?"

"काठी बघायची नसते. काठीत काय आहे? धाव तिकडे असते," त्यांनी मैदानाकडे हात केला. "तुम्ही लई तपासता."

शब्दकोशातले ते काठी आणि चाकूवाले लोक मला तेव्हा नीट दिसले. त्यांचीही नजर खेळावर असणार, हात आपोआप चालत असणार. हे पाऊण रकान्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी घरी येऊन शेवटच्या पानावर ते शेवटी जोडलं. पुढे कंसात 'असावं' लिहिलं.

 परतल्यावर लिफ्टमध्ये शिरताना आमचा कप्तान म्हणाला, "अंकल, पुढच्या वर्षी लाल पेन घरी ठेवा." एवढं बोलला म्हणजे राग अर्धा उतरला होता असं मी धरलं. बायकोनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अकरा वर्षांत पहिली चूक, तीही शंभर लोकांसमोर. बरं झालं. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये जरा कमी बोलाल."

पैशांचं सांगायचं राहिलं. अकरा हजार गावाच्या कप्तानाला पाकिटातून मिळाले, पाच हजार आमच्या कप्तानाला. कमिटीनं तिथंच जाहीर केलं की पुढच्या वर्षी टेबलावर वही आणि काठी दोन्ही राहतील, ॲपचं मागाहून बघू. माझं पाचशेचं मानधन वडापावच्या गल्ल्यातून आलं, सगळ्या विसाच्या नोटा, पंचवीस. मी ते घेऊ शकत नव्हतो. तिथंच काकांपुढे ठेवले आणि म्हणालो, "आजचा स्कोअर तुमचा."

त्यांनी नोटा मोजल्या. मोजताना नोटांकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. वीस झाल्या तेव्हा थांबले, गड्डी सदऱ्याच्या खिशात घातली.

"ही कोडी माझी," ते म्हणाले, आणि उरलेल्या पाच नोटा माझ्या वहीत, शेवटच्या पानावर ठेवल्या. "ह्या तुमच्या. पहिला डाव बरोबर लिहिलात त्याच्या."

चारशे काकांना, शंभर मला.